सर्व्हिसिंगनंतर गाडी पुन्हा आपटते: हवा, शॉकअप की गाडीची ठेवणच तशी?

तक्रार अशी. गाडी सर्व्हिसिंगहून आली की खड्ड्यात, ब्रेकरवर, रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर आपटते. दोन-तीन महिन्यांनी आपोआप बरी वाटायला लागते. मग पुन्हा सर्व्हिसिंग आणि पुन्हा आपटणं. माझ्याकडे हे दोन वर्षांत चार वेळा झालं. तेवढ्यात पुढच्या दोन्ही लिंक रॉड बदलून झाल्या, डाव्या लोअर आर्मचं बुश बदलून झालं, आणि चौथ्या खेपेला मागच्या शॉकअपचं कोटेशन हातात आलं तेव्हा कुठे मी खाली वाकून टायरकडे बघितलं.

गाडी चार मीटरच्या आतली, उंच बांध्याची. एसयूव्ही म्हणून विकतात ती. टायर २१५/६० आर १६. राहतो नागपुरात मानेवाड्याला, नोकरी बुटीबोरीला, म्हणजे रोजचा वर्धा रोड. याआधी दहा वर्षं सेडान होती, त्यामुळे घरात तुलना ठरलेली. आई मागच्या सीटवर डावीकडे बसते, आणि तिच्या कमरेचं जुनं दुखणं आहे. नवी गाडी आली त्याच आठवड्यात ती म्हणाली, “काहून रे, ही गाडी आपटून राहिली. जुनीत असं नव्हतं होत.” मी स्टिअरिंगवर. मला काही जाणवत नव्हतं. म्हटलं, “रस्ता खराब आहे, आई.” रस्ता तर दहा वर्षं तोच होता.

माझी पहिली चूक हीच. गाडी म्हणजे दोन टोकांना टेकू दिलेली फळी समजा. एक टोक वर गेलं तरी मधला माणूस निम्माच हलतो. ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारचा बसतात फळीच्या मधोमध. मागची सीट मात्र जवळपास मागच्या चाकांच्या डोक्यावर असते, आणि गाडी जितकी आखूड तितकी ती चाकांना जास्त चिकटलेली. म्हणजे मागच्या माणसाला जो दणका पूर्ण बसतो, तो ड्रायव्हरला अर्धामुर्धा. म्हणून काहीही खोलायच्या आधी एक काम करा. किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या, स्वतः मागे बसा, आणि नेहमीच्या रस्त्याने एक चक्कर मारून या. मी बसलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचा रस्ता संपून गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, सुरू होतात, तिथे दोन बोटांची पायरी आहे. तिच्यावरून मागची चाकं उतरली आणि माझे दात एकमेकांवर आपटले. आईला त्या दिवशी मी काही बोललो नाही.

तक्रारीतलं क्रियापद पकडा

आमच्या घरात या एकाच गाडीबद्दल चार तक्रारी आहेत. आई म्हणते आपटते. बायको म्हणते डोलते, तिला मळमळतं. मुलगी मामाच्या सात सीटच्या गाडीबद्दल म्हणते की ती उसळते. आणि मी स्वतः म्हणत होतो की खडखडते. वर्कशॉपच्या काउंटरवरचा पोरगा या चारही गोष्टी जॉब कार्डवर एकाच शब्दात लिहितो: सस्पेन्शन. इथेच पैसे वाया जायला सुरुवात होते, कारण या चार वेगळ्या व्याधी आहेत आणि त्यांचे इलाज एकमेकांना लागू पडत नाहीत.

आपटणं म्हणजे छोटा, तीक्ष्ण दणका, जो थेट हाडाला लागतो. त्याचा पहिला संशयित टायर. डोलणं म्हणजे वळणावर किंवा एका बाजूच्या खड्ड्यात गाडी डावी-उजवीकडे कलणं. हा बहुतेक वेळा गाडीच्या उंचीचा गुण असतो. उसळणं म्हणजे ब्रेकर गेल्यानंतरही गाडीने एक-दोन जादा हेलकावे खाणं. गाडी भरलेली असताना असं होत असेल तर शॉकअप गेलाय. रिकामी असताना होत असेल तर वेगळी गोष्ट, पुढे सांगतो. खडखडणं म्हणजे काहीतरी सैल. लिंक रॉड, बुश, शॉकअपच्या डोक्यावरचं माउंट. माझं खडखडणं शेवटी निघालं डिक्कीत, स्टेपनीखालच्या खाचेत पाना नीट बसवलेला नव्हता. त्यावर मी एका वेळच्या सर्व्हिसिंगचे पैसे घालवले आहेत, म्हणून सांगतो, आधी डिक्की रिकामी करून एक चक्कर मारा.

बाकीच्यांपेक्षा आपटण्यावर जास्त बोलतो, कारण परत परत येणारा रोग तोच आहे.

हवा सकाळी मोजा, गाडी हलवायच्या आधी

रविवारी सकाळी सहाला, आदल्या संध्याकाळपासून उभ्या असलेल्या गाडीची हवा मी घरच्या गेजने मोजली. गाडी सर्व्हिसिंगहून येऊन तीन दिवस झाले होते. पुढची डावी ३९ पौंड, पुढची उजवी ३८, मागची डावी ४१, मागची उजवी ४०. ड्रायव्हरचं दार उघडलं की मधल्या खांबावर एक पट्टी चिकटवलेली असते. माझ्या गाडीच्या पट्टीवर चारही चाकांना ३३ लिहिलंय, आणि पूर्ण भरलेल्या गाडीला फक्त मागे ३६. काही गाड्यांत ही पट्टी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाआड असते. आकडे किलोपास्कलमध्ये असले तर ६.९ ने भागा: २३० म्हणजे ३३ च्या किंचित वर, २५० म्हणजे ३६. पंक्चरवाला पौंड म्हणतो, पट्टीवर पीएसआय असतं, दोन्ही एकच.

म्हणजे आई ज्या चाकावर बसते त्यात आठ पौंड जास्त.

टायर नुसतं रबर नाही, हवेची स्प्रिंग आहे. खड्ड्याची कड आधी टायर गिळतो, उरलेलं स्प्रिंग आणि शॉकअपकडे जातं. या हवेच्या स्प्रिंगचा ताठपणा साधारण हवेच्या दाबाच्या प्रमाणात वाढतो. ३३ च्या जागी ४१ म्हणजे जवळपास पाव पट जास्त ताठ. छोट्या कडेसाठी हे फार झालं. कड लहान आणि दणका क्षणभराचा असतो, शॉकअपला हालचाल करायला वेळच मिळत नाही, सगळा भार टायरवर येतो. म्हणूनच मोठ्या ब्रेकरवर गाडी ठीक वाटते आणि गट्टूंवर, सांध्यांवर, खडीवर आपटते. हा फरक लक्षात ठेवा, निम्मं निदान इथेच होतं.

आता खरी गंमत. दर वेळी मी आपटण्याची तक्रार घेऊन वर्कशॉपमध्ये जायचो. ते एखादा पार्ट बदलायचे, गाडी धुऊन द्यायचे, आणि देताना शेवटचं काम म्हणून पोरगा चारही चाकांत चाळीसच्या आसपास हवा मारून द्यायचा. चांगल्या मनानेच. कमी हवेची तक्रार येते, जास्त हवेची कोणी करत नाही. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखादा पौंड हवा आपली आपण कमी होते. दोन-तीन महिन्यांत ती ३७-३८ वर यायची, आईची कुरकुर कमी व्हायची, आणि मी समजायचो की बदललेला पार्ट आता सेट झाला. मग पुढची सर्व्हिसिंग. औषध द्यायला जाणारा हातच रोग परत देत होता.

“चाळीस टाकून देऊ का भाऊ? मायलेज भेटते,” हे रिंग रोडवरच्या पंक्चरवाल्याचं वाक्य. खोटं नाही. ताठ टायर किंचित कमी तेल खातो. पण रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो, ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जागा जास्त लागते, आणि टायर मधोमध आधी घासतो. मागच्या दोन टायरच्या मधल्या पट्ट्यावर आणि कडेच्या पट्ट्यावर एक रुपयाचं नाणं उभं घालून बघा. मधे नाणं उघडं राहत असेल आणि कडेला आत जात असेल, तर तुमचाही पंक्चरवाला तसाच दिलदार आहे.

आणखी एक आकडा लोकांना फसवतो. टायरच्या भिंतीवर बारीक अक्षरात जो ४४ किंवा ५१ चा आकडा असतो, ती टायरची कमाल मर्यादा आहे. तुमच्या गाडीला किती हवा हवी याच्याशी त्याचा संबंध नाही. तो आकडा वाचून “कंपनीने ५१ म्हटलंय, मी तर चाळीसच भरतो” असं सांगणारे दोन जण माझ्याच ऑफिसात आहेत.

त्या सकाळी चारही चाकं ३३ वर आणली. आईला सांगितलं नाही. तिला घेऊन नेहमीसारखं अयोध्यानगरला मावशीकडे गेलो. गल्लीच्या तोंडाशी गट्टूंची पायरी आली, आणि आई मावशीशी फोनवर बोलत होती ती बोलतच राहिली. याआधी त्या जागी तिचं वाक्य तुटायचं. माझ्यासाठी हेच मोजमाप पुरेसं होतं.

मग आणखी कमी ठेवली तर?

हा प्रश्न माझ्या साळ्याने विचारला, आणि विचारून थांबला नाही, २६ वर गाडी चालवली. मऊ वाटते, खरं आहे. पण हवा कमी झाली की टायरची भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता तयार होते, आणि टायर आतून तापतो. शहरात ३० च्या वेगाला हे खपून जातं. शिवमडक्याहून समृद्धीवर चढून तासाला १२० ने तास-दोन तास चालवलं की नाही खपत. शिवाय खोल खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यामधे टायरची भिंत चिरडते, आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. साळ्याला फुगा आला. फुगा आलेला टायर पॅच होत नाही, बदलावाच लागतो. आणि उंच गाडीत हवा कमी असली तर वळणावर टायर आणखी आडवा दबतो, म्हणजे आपटणं जाऊन डोलणं वाढतं. पट्टीवरच्या आकड्याच्या एखादा पौंड इकडे-तिकडे चालेल, सात नाही.

नागपूरचा उन्हाळा

इथे एक गैरसमज इतका पक्का आहे की त्यावर थांबावंच लागेल. “उन्हाळा आहे जी, हवा कमीच ठेवा, नाही तर फुटते.” एप्रिल लागला की पंपावर, पंक्चरच्या दुकानात, सोसायटीच्या गेटवर हेच ऐकू येतं. उलटं आहे. उन्हाळ्यात टायर फुटण्यामागे बहुतेक वेळा कमी हवा, जास्त वजन, जास्त वेग आणि म्हातारा टायर असतो. पट्टीवरचा आकडा थंड टायरचा असतो आणि चालताना वाढणारा दाब गृहीत धरूनच तो दिलेला असतो. थंड असताना आधीच कमी केलीत तर टायर जास्त वाकेल आणि जास्त तापेल. ज्याची भीती होती तेच होणार.

तापमानाने दाब किती बदलतो याचा ढोबळ हिशोब: साडेपाच अंशांना एक पौंड. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत भरलेले ३३, कणभरही गळले नाहीत असं धरलं, तर मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांत सावलीत उभ्या गाडीत साडेअडतीसच्या घरात जातात. चालल्यावर त्यात आणखी तीन-चार. मेच्या एकाच दिवसात पहाटेच्या ३० अंशांपासून दुपारच्या ४५ पर्यंत अडीच-तीन पौंडांचा फरक पडतो. म्हणून दुपारी डॅशबोर्डवर ३८-३९ दिसले की घाबरून हवा सोडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा. ३३ असेल तर सगळं जागेवर आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, ऑफिसहून येताना पंपावर तापलेल्या टायरमधे नेमके ३३ भरून घेतले तर सकाळी ते २९-३० असतात, आणि आपण समजतो हवा बरोबर आहे. नाइलाजाने गरम टायरमधे भरावीच लागली तर तीन-चार पौंड जास्त भरा आणि सकाळी घरी नीट करा. दुसरी, ऋतू बदलला की पुन्हा मोजा. नागपुरात ऋतू नुसता कॅलेंडरवर बदलत नाही. होळीनंतरच्या पंधरा दिवसांत आणि दिवाळीच्या आसपास सकाळचं तापमान इतकं सरकतं की न हात लावता दोन पौंड इकडचे तिकडे होतात.

नायट्रोजन भरावा का? साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दुकानातला नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा हळू गळतो, एवढाच फायदा. उन्हात तोही साध्या हवेइतकाच फुगतो. आराम त्याने वाढत नाही. पैसे वाचवा आणि एक गेज विकत घ्या. पंपावरच्या यंत्राचा आणि माझ्या गेजचा दोन पौंडांचा फरक आहे. कोणाचं खरं हा वाद घालत बसू नका. एकच गेज, दर वेळी तोच, म्हणजे निदान आपली तुलना आपल्याशी होते.

हवा बरोबर आहे, तरी आपटते

टायरच्या भिंतीची उंची बघा. २१५/६० म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर आणि भिंत तिच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. माझ्या भाच्याने त्याच्या हॅचबॅकचे १८५/६५ आर १५ काढून १९५/५५ आर १६ चे अलॉय बसवले. बाहेरचा व्यास जवळपास तोच राहिला, स्पीडोमीटर चुकला नाही, फिटिंग चोख. पण भिंत १२० वरून १०७ वर आली. खड्डा गिळणारी गादी १३ मिलिमीटरने पातळ. दिसायला झकास. मागे बसलेली त्याची आजी, म्हणजे माझी आई, आता त्याच्याही गाडीत बसत नाही. यावर हवेचा इलाज नाही. जुनी चाकं परत बसवणं हाच इलाज, आणि तो भाच्याला मान्य नाही.

दुसरं, टायरचं वय. भिंतीवर शेवटी चार आकडे एका चौकटीत असतात: २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असते, पण उन्हात उभी राहून राहून रबर कडक झालेलं असतं. कमी चालणाऱ्या, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे हमखास. नखाने दाबून बघा, भिंतीवर बारीक भेगा आहेत का पाहा.

एक निरुपद्रवी प्रकारही आहे. गाडी सुट्टीत दहा-पंधरा दिवस एकाच जागी उभी राहिली की टायरचा खालचा भाग चपटा होतो आणि निघाल्यावर पहिले काही किलोमीटर धडधड जाणवते. टायर गरम झाला की जाते. गेली नाही तरच बॅलन्सिंगवाल्याकडे जा.

जे हवेने जाणार नाही: गाडीचा बांधा

बायकोची तक्रार, डोलण्याची, ३३ पौंडांनी तसूभरही कमी झाली नाही. होणारही नव्हती. गाडी एका अंशाने कलली तर कलण्याच्या बिंदूपासून मीटरभर वर असलेलं डोकं साधारण १७ मिलिमीटर सरकतं. सेडानमधे आपण खाली बसतो, एसयूव्हीत वर. तेवढाच कल, पण डोक्याचा झोका मोठा. उंच गाडी वळणावर फार कलू नये म्हणून कंपनी डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा दांडा, स्टॅबिलायझर बार, जाड ठेवते. त्याने वळणावर गाडी आवरते. पण बेसाकडच्या कच्च्या कडेच्या रस्त्यावर एकच चाक खड्ड्यात गेलं की तो दांडा दुसऱ्या बाजूलाही ओढतो आणि मान झटक्याने इकडून तिकडे जाते. मी बदललेल्या लिंक रॉड याच दांड्याच्या. त्या नव्या असोत की जुन्या, हा झटका गाडीच्या रचनेतच आहे. त्यावर उपाय वेग कमी करणं, आणि बायकोला पुढे बसवणं.

सेडानची ठेवण वेगळी. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जास्त, बैठक खाली, आणि मागच्या चाकांचा आवाज डिक्कीतच अडतो. हॅचबॅकमधे आणि एसयूव्हीत डिक्की आणि माणसं एकाच खोलीत, त्यामुळे तोच दणका मोठा ऐकू येतो. आपटण्याचा निम्मा त्रास कानाला होतो हे मला डिक्की झाकणाऱ्या पडद्याखाली जाड चादर घालून बघितल्यावर कळलं.

पण डिक्की दिसली म्हणून सेडानचा आराम मिळेलच असं नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क कमी झालं, तेव्हापासून आपल्याकडे डिक्की छाटलेल्या सेडान आणि चार मीटरमधे बसवलेल्या एसयूव्ही निघाल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीतही छोट्या गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के अशी रेघ आहे, त्यामुळे हे चालूच राहणार. डिझायर आणि स्विफ्ट, दोघींच्या चाकांमधलं अंतर सारखंच, २,४५० मिलिमीटर. शोरूममधे लांबी विचारतात, डिक्की विचारतात. हे अंतर कोणी विचारत नाही. मी तर विचारलं नव्हतंच.

हे अंतर सिमेंट रोडवर कानाने मोजता येतं. आपल्याकडे सिमेंटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो. माझ्या गाडीच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटर. पुढचं चाक सांध्यावर आपटतं, अडीच मीटरने मागचं, पुढे दोन मीटरने पुढचं चाक पुढच्या सांध्यावर. जवळजवळ समान अंतराने टक, टक, टक, टक. पुढची चाकं सांध्यावर तेव्हा मागची स्लॅबच्या मधे, त्यामुळे गाडी सतत होकार दिल्यासारखी मान हलवते. हे अंतर पावणेतीन मीटर असलेल्या गाडीत ठोके जोडीने येतात: टक-टक, टक-टक. चाळीसच्या वेगाने जुन्या, सांधे उखडलेल्या रस्त्यावर काच वर करून ऐका. आणि वर्धा रोडवर वेग वाढला की हे का खुपतं याचंही उत्तर यातच आहे. बसलेल्या माणसाला सेकंदाला चार ते आठ वेळा होणारं वर-खाली हलणं सगळ्यात जास्त त्रास देतं. साडेचार मीटरचे सांधे ६५ ते १३० च्या वेगात नेमके तेवढेच ठोके देतात. सांधे नीट भरलेले आहेत तिथे काही नाही, पण स्लॅब एखाद्या बोटाने वर-खाली झाले तिथे ८० ऐवजी ५५ ने जा. आईसोबत असलो की मी तेच करतो, मागचे हॉर्न वाजवतात.

राहिली मुलीची तक्रार. मामाची गाडी सात सीटची, शिडीसारख्या चौकटीवर बांधलेली, मागच्या स्प्रिंग सात माणसं आणि त्यांचं सामान पेलायच्या ताकदीच्या. रोज त्यात दोघंच बसतात. न दबलेली स्प्रिंग त्या दोघांना उसळवते. रामटेकला सगळे मिळून गेलो तेव्हा तीच गाडी एकदम शहाणी झाली. मामाने मागच्या चाकांत पूर्ण भरलेल्या गाडीचा जास्तीचा आकडा बाराही महिने ठेवला होता. आता तो रोजच्यासाठी कमी आकडा ठेवतो आणि लांबच्या प्रवासाआधी वाढवतो. उसळणं गेलं नाही, कमी झालं.

वर्कशॉपमधे जायचंच असेल तर

हवा थंड टायरमधे पट्टीवरच्या आकड्यावर आणा, आठवडाभर चालवा, मागे बसून बघा. त्यानंतरही आपटत असेल तरच पार्ट. शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का ते टॉर्च लावून स्वतः बघा. नुसती धूळ चिकटलेला ओलसरपणा आणि थेंब गळणं यात फरक आहे. थेंब गळत असेल तर कोटेशन घ्या. एकाच चाकाची हवा आठवड्याला दोन पौंड कमी होत असेल तर खिळा नाही तर व्हॉल्व्ह. माझ्या मागच्या उजव्या चाकात खिळा निघाला, कधीचा होता कोण जाणे.

आणि जॉब कार्डवर “सस्पेन्शन” लिहू देऊ नका. मी आता सांगून लिहून घेतो: “मागे बसल्यावर गट्टूंवर आपटते, ब्रेकरवर नाही. हवा चारही चाकांत ३३ आहे, हात लावू नये.” मागच्या महिन्यात सर्व्हिसिंग झाली. कार्डवर हे सगळं स्वच्छ अक्षरात होतं. गाडी घरी आली, सकाळी गेज लावला. चारही चाकांत ४०.